तांब्यातला रेडिओ आणि आण्णांची वही



आजची नोंद पिकाची कमी आणि रेडिओची जास्त आहे. पण शेवटी गाडी कांद्यावरच येणार आहे, तेव्हा जरा धीर धरा.

गेल्या आठवड्यात आमच्याकडं कांदा काटणी चालू होती. बारा बायका दोन ओळींत समोरासमोर बसलेल्या, मधे कांद्याचा ढीग. आणि ढिगाच्या कडेला एक स्टीलचा तांब्या, त्यात मोबाईल उभा ठेवलेला. मोबाईल नुसता मातीवर ठेवला तर दहा फुटांवर ऐकू येत नाही, तांब्यात ठेवला की आवाज घुमतो आणि सगळ्या ओळीला पुरतो. परभणीकडचं एक जोडपं कामाला आहे, त्यांचा तो मोबाईल. त्यावर परभणी आकाशवाणी लागली होती. आमच्या पारनेर तालुक्यात भर दुपारी परभणी! आमच्या जुन्या सेटवर दिवसा परभणी कधीच लागली नाही. मी विचारलं, तर ती बाई म्हणली, "गावाकडं पाऊस झाला का नाही ते कळतं, तात्या. आन् बोलणं आपल्याकडचं असतं." इंटरनेटवरून रेडिओ येतो तो असा. सहा महिने घर सोडून आलेल्या माणसाला त्याच्या गावचं बोलणं ऐकवतो.

तिथनं शंभर पावलांवर आमचा पुतण्या ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. त्याच्याही कानात रेडिओच होता, पण दोन्ही कानांत बोंडं घालून. मी दोनदा हाक मारली, त्याला पत्ता नाही.

एकाच रानात, एकाच दुपारी, एकच यंत्र. एक तांब्यात, एक कानात. या दोन ऐकण्यांतला फरक आमच्या घरानं याआधीही एकदा पाहिलेला आहे, म्हणून ही नोंद.

१९५६ सालची चावडी

पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. त्यानंतर तीनेक वर्षांनी या केंद्रानं एक प्रयोग केला. आज आपल्या गावांत तो फार कुणाला ठाऊक नाही, पण रेडिओ आणि शेती यांचा अभ्यास करणारे जगभरचे लोक अजून त्याचं नाव घेतात. युनेस्कोची मदत होती. तेव्हाच्या मुंबई राज्यातले मराठी मुलखातले पाच जिल्हे निवडले: पुणे, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. त्यातली १५० गावं. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ असे दहा आठवडे, आठवड्यातून दोन संध्याकाळी, अर्ध्या तासाचा एक असे एकूण २० कार्यक्रम.

यात नवीन काय होतं? गावाला सार्वजनिक रेडिओ देणं काही नवीन नव्हतं. नवीन होतं ते श्रोतामंडळ. प्रत्येक गावात वीसेक माणसांचं मंडळ करायचं, त्याला एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. कार्यक्रम सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचा. तो संपला की सेट बंद करायचा आणि आपापसात बोलायचं: हे आपल्या गावाला लागू आहे का? कुणी करून पाहिलंय का? शंका काय? चिटणीसानं ते लिहून काढायचं आणि केंद्राकडं पाठवायचं. पुढच्या कार्यक्रमांत त्या शंकांची उत्तरं यायची.

कल्पना मूळची कॅनडातली. तिकडं १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी रेडिओ मंडळं चालत होती. त्यांचं ब्रीद साधं होतं: वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा. आपल्याकडं तेव्हा वाचता येणारे थोडे, म्हणून जोर ऐकण्यावर आणि चर्चेवर राहिला.

प्रयोग नीट तपासलाही गेला. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडं हे काम होतं आणि पॉल न्यूराथ नावाचे समाजशास्त्रज्ञ ते पाहत होते. त्यांनी तीन तऱ्हेची गावं घेतली: मंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओच नसलेली. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळ असलेल्या गावांत माणसांची माहिती चांगलीच वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ अगदी थोडी. पुढं न्यूराथ आणि जगदीशचंद्र माथुर या दोघांनी मिळून लिहिलेला अहवाल युनेस्कोनं १९५९ साली छापला. हे माथुर म्हणजे तेव्हाचे आकाशवाणीचे महासंचालक आणि हिंदीतल्या 'कोणार्क' नाटकाचे लेखक.

कृषी सहायक आणि विस्तारवाले जे ही पोस्ट वाचतायत, त्यांना मी हात जोडून सांगतो, हा निकाल पुन्हा एकदा वाचा. आवाज गावात पोचला म्हणून माहिती पोचत नाही. आवाज दोन्ही गावांत सारखाच पोचला होता.

आण्णांची वही

आमचे आण्णा तेव्हा वीस वर्षांचे. सातवी झालेले, अक्षर चांगलं, म्हणून गावानं त्यांना मंडळाचं चिटणीस केलं. ते गेले तेव्हा लोखंडी पेटीत जमिनीच्या कागदांखाली एक चोपडी सापडली. पानं पिवळी पडलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. प्रत्येक पानावर हातानं आखलेले तीन रकाने. पहिला 'ऐकलें काय', दुसरा 'शंका काय', तिसरा 'ठरलें काय'.

एका पानावर ज्वारीच्या काणीची शंका आहे. काणी म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कणसात दाण्याच्या जागी काळ्या भुकटीची बोंडं भरतात. मळणीत ती फुटली की भुकटी चांगल्या बियाण्याला चिकटते आणि पुढच्या वर्षी रोग परत. त्यावर बियाण्याला गंधक चोळायचं, हा उपाय तेव्हाही सांगितला जायचा. आण्णांनी दुसऱ्या रकान्यात लिहिलंय: "गंधक किती शेरास किती तोळे, व चोळलेलें बी उरल्यास खावें किंवा कसें."

हा दुसरा भाग वाचून मी थांबलो. कागदावर सल्ला देणाऱ्याला हा प्रश्न सुचत नाही. तो त्यालाच सुचतो ज्याच्या घरात बियाण्याची आणि खाण्याची ज्वारी एकाच कणगीतून निघते. पेरून उरलेली चार पायली ज्वारी दळायची का टाकायची? गरिबाच्या घरात हा लहान प्रश्न नव्हता.

आण्णा सांगायचे, उत्तर आलं तेव्हा रेडिओवर गावाचं नाव घेतलं. चावडीत दोन मिनिटं कुणाला पुढचं ऐकूच गेलं नाही, एवढा गलका. उत्तर काय आलं ते तिसऱ्या रकान्यात आहे: "चोळलेलें बी खाऊं नये. लागेल तेवढेंच चोळावें." आणि खाली अकरा घरांची नावं, ज्यांनी येत्या रब्बीला गंधक लावायचं ठरवलं. आजही आपण तेच सांगतो: ३०० मेश गंधक, किलोला ४ ग्रॅम, आणि प्रक्रिया केलेलं बी जनावरालासुद्धा घालायचं नाही.

मग मंडळं गेली कुठं?

पुण्याचा प्रयोग फळाला आला म्हणून १९५९ पासून सरकारनं ही मंडळं देशभर नेली. साठच्या दशकात हजारोंनी मंडळं झाली. याच दशकात तंजावरकडं ए.डी.टी.-२७ या भाताच्या जातीचा प्रसार रेडिओवरून इतका झाला, की लोक तिला 'रेडिओ भात' म्हणायला लागले. १९६६ पासून आकाशवाणीनं केंद्राकेंद्रांवर शेती आणि गृह विभाग उघडले. म्हणजे रेडिओ शेतकऱ्याकडं पाठ फिरवून बसला होता असं कुणी म्हणू नये.

पण मंडळं विझत गेली. एक तर सेट बिघडायचे. व्हॉल्व्हचा सेट, मोठी बॅटरी, दुरुस्त करणारा तालुक्याला. सेट बंद पडला की महिनोन् महिने बंद. दुसरं म्हणजे पाठवलेल्या शंकेचं उत्तर येणं कमी झालं की माणसं यायची कमी होतात. हे मला कुणी अहवाल दाखवून सांगायची गरज नाही. आण्णांच्या वहीत नंतर नंतर दुसरा रकाना भरलेला आहे आणि तिसरा कोरा.

आणि तिसरं, ट्रान्झिस्टर आला. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ चा, खिशात मावणारा रेडिओ अमेरिकेत १९५४ ला विकायला आला. आपल्या खेड्यांत तो पोचायला साठचं दशक संपत आलं. आमच्याकडं आला तो चामडी कव्हरचा, पुढून जाळीसारखी भोकं असलेला. पोस्टात वर्षाची फी भरून लायसनच्या पुस्तिकेवर शिक्का मारून आणावा लागायचा. ती भानगड ऐंशीच्या दशकात गेली. ट्रान्झिस्टरनं फार मोठं काम केलं. रेडिओ चावडीतून बांधावर आला, मोटेवर आला, माहेरवाशिणीच्या पिशवीतून गेला. चावडीवर बायकांना बसता येत नव्हतं, त्यांना पहिल्यांदा चुलीपाशी रेडिओ मिळाला. आमच्या आईनं बातम्या ऐकायला सुरुवात केली ती ट्रान्झिस्टरमुळंच. म्हणून मी त्याला नाव ठेवणार नाही.

पण चावडी मोडली. वीस माणसं एका सेटभोवती बसायची ती वीस ओट्यांवर वीस सेट घेऊन बसली.

गाण्यांचाही यात वाटा आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले, आपले पुण्याचे. त्यांना सिनेमाची गाणी पसंत नव्हती. आकाशवाणीवर ती जवळजवळ बंदच झाली, तर लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. ऐकणारा मुका असला तरी त्याच्या हातात काटा असतो, हा धडा तेव्हाच मिळाला. पण काटा फिरवणं म्हणजे शंका विचारणं नव्हे. काटा फिरवून माणूस निघून जातो, शंका विचारून तो थांबतो.

मोबाईलमधले दोन रेडिओ

आता मोबाईलकडं येऊ. पुष्कळ लोकांचा इथं घोळ होतो, म्हणून नीट सांगतो. मोबाईलवर रेडिओ दोन तऱ्हांनी ऐकता येतो आणि ते दोन पूर्ण वेगळे आहेत.

एक एफएम. बटणाच्या फोनमध्ये हा असायचा, हेडफोनची वायर घातल्याशिवाय चालायचा नाही, कारण ती वायरच त्याची एरियल. याला नेटवर्क लागत नाही, रिचार्ज लागत नाही. पण एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. डोंगराआड, खोऱ्यात आवाज खरखरतो. अलीकडच्या बऱ्याच फोनमध्ये ही सोयच उरली नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं फोन बनवणाऱ्यांना सांगितलं, की एफएम काढू नका, आपत्तीच्या वेळी त्याचा उपयोग असतो.

दुसरा नेटवरचा. अमेरिकेत १९९४-९५ च्या सुमाराला इंटरनेटवरून रेडिओ ऐकवायला सुरुवात झाली. आपल्या बांधावर तो यायला ५ सप्टेंबर २०१६ उजाडावं लागलं, त्या दिवशी जिओ सुरू झालं आणि डेटा स्वस्त झाला. आज आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर ॲपवर देशभरातली केंद्रं लागतात.

डेटा किती जातो? हिशेब सोपा आहे. ६४ केबीपीएसचा प्रवाह म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट, तासाला साधारण २९ एमबी. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर अख्खा दिवस-रात्र रेडिओ लावून ठेवला तरी निम्मासुद्धा संपत नाही. व्हिडिओ बघणाऱ्यानं याची काळजी करू नये.

आता शेतकऱ्याच्या भाषेत फरक सांगतो. मध्यम लहरींचा किंवा एफएमचा रेडिओ म्हणजे पाऊस. मनोऱ्यावरून पडतो तो सगळ्यांवर सारखा, ऐकणारे शंभर असोत की लाख, मनोऱ्याला वेगळा भार नाही. नेटवरचा रेडिओ म्हणजे ठिबक. प्रत्येक फोनला वेगळी नळी, वेगळा थेंब. लांब परभणीचं पाणी पारनेरात आणता येतं, ही ठिबकची करामत. पण मधली एक नळी चोंदली की तेवढं झाड कोरडं, आणि शेजारच्या झाडाला त्याचा पत्ताही नाही.

ठिबकला आधी टाकीत पाणी साठवावं लागतं, तसं नेटवरच्या रेडिओला थोडा आवाज आधी साठवावा लागतो. म्हणून तो मागं असतो. तुमच्या ट्रान्झिस्टरवर आठचे ठोके पडले की मोबाईलवर ते नंतर पडतात, कधी अर्ध्या मिनिटानंसुद्धा. घड्याळ लावायला त्याचा उपयोग करू नका.

चोंदलेली नळी

आता कांद्यावर येतो.

मागच्या जानेवारीत पुतण्या असाच कानात बोंडं घालून शेतीचा कार्यक्रम ऐकत होता. कांद्याच्या लागणीनंतरचं तणनाशक, ऑक्सिफ्लोरफेन, त्याचं प्रमाण सांगत होते. सांगणारे बरोबर सांगत होते, यात मला शंका नाही. पण आमच्या खालच्या रानात नेटवर्क एक कांडी येतं, एक कांडी जातं. ऐन वाक्यात गोल चक्र फिरलं, दोन-तीन सेकंद गेले आणि आवाज पुढच्या शब्दाला लागला. आकडा ऐकू आला. 'हेक्टरी' हा शब्द गेला.

ट्रान्झिस्टरवर खरखर आली तर माणसाला कळतं, की मधलं काही निसटलं. नेटवर आवाज स्वच्छ असतो. तुटतो तोही स्वच्छ. जोडून परत आला की वाटतं, सगळं ऐकलं.

हेक्टर म्हणजे अडीच एकर. हेक्टरी आकडा त्यानं एकरी धरला. दुसऱ्या दिवशी अर्ध्या एकरावर अडीचपट औषध मारलं. चौथ्या दिवशी पात करपली, पांढरे ठिपके, माना वाकड्या. मला दाखवायला आणलं तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता. म्हणाला, "तात्या, मी नीट ऐकलं होतं." खरंच ऐकलं होतं. नंतर युरिया मारून, पाणी देऊन पीक सावरलं, पण कांदा पोसला नाही. जिथं ५० क्विंटलची आशा होती तिथं ३२ निघाले.

त्याला मी बोललो नाही. डब्यावरचं लेबल वाचायला हवं होतं, दुकानदाराला विचारायला हवं होतं, हे सगळं खरं. पण त्या रात्री मला आण्णांची वही आठवली. चावडीत वीस माणसं बसलेली असती आणि तोच शब्द निसटला असता, तर एक तरी म्हातारा म्हणला असता, "आरं पण एकरी का हेक्टरी?" बस. एवढ्या तीन शब्दांचं मोल आमच्या घरात १८ क्विंटल कांदा झालं.

फोनला परतीची वाट आहे

गंमत अशी, की १९५६ साली शंका पोस्टानं जायची. चिटणीसानं कागद लिहायचा, पोस्टमन कधी येईल त्याची वाट बघायची, मग उत्तर. आज ज्या यंत्रात आवाज येतो त्याच यंत्रातून शंका एका मिनिटात जाऊ शकते. शेतकऱ्यांसाठी फोनवर सल्ला द्यायची सोय, किसान कॉल सेंटर, २००४ पासून आहे, १८००-१८०-१५५१, पैसे पडत नाहीत. आकाशवाणीच्या केंद्रांवर फोनवरून प्रश्न घेणारे कार्यक्रम होतात. रेडिओला परतीची वाट कधीच इतकी सोपी नव्हती. आणि आपण ती इतकी कधीच वापरत नव्हतो असं नाही, पण आज फार कमी वापरतो. बोंडं कानात घातली की आपण नुसते ऐकणारे.

या बाबतीत गावाजवळची केंद्रं पुढं आहेत. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यानंतर २००२ ला शिक्षण संस्थांना आणि २००६ ला सामाजिक संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना लहान रेडिओ केंद्र काढायची मुभा मिळाली. बारामतीचं वसुंधरा वाहिनी, म्हसवडचं माणदेशी तरंग ही त्यातली नावं. पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा, पण बोलणारा आणि ऐकणारा एकाच बाजाराला जाणारे. तिथं शंका विचारायला पोस्टही लागत नाही, माणूस बाजारात भेटतो.

जुना सेट फेकू नका

एक इशारा देऊन ठेवतो. काही वर्षांपूर्वी एका अवकाळीत आमच्याकडं गारा पडल्या, विजेचे खांब आडवे झाले. दोन तासांत मोबाईलच्या टॉवरची बॅटरी उतरली असावी, कारण सगळ्या गावाचं नेटवर्क गेलं. पाचशे फोन आणि एकही बोलेना. आईनं माळ्यावरचा सेट काढला, दोन सेल घातले, पुणे लागलं. ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे साधारण ३७९ मीटर, हे आकडे आमच्या पिढीला पाढ्यासारखे पाठ. रात्री पुन्हा वादळ आहे, हे ओट्यावर बसलेल्या तीसेक माणसांना त्या सेटनं सांगितलं. जनावरं गोठ्यात घेतली, चाळीवरचा कागद बांधला.

गेल्या काही वर्षांत मध्यम लहरींची बरीच जुनी प्रक्षेपण केंद्रं देशात बंद झाली. ऐकणारे मोबाईलवर गेले, खर्च परवडत नाही, हे कारण समजतं. पण पाऊस बंद करून सगळं ठिबकवर न्यायचं, तर ज्या दिवशी मोटर बंद त्या दिवशी काय, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं. तोवर घरातला सेट आणि दोन सेल जपून ठेवा.

गुरुवारची बैठक

फेब्रुवारीपासून आम्ही एक सुरू केलंय. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या कांदा चाळीपुढं बसतो. पुतण्याचा मोबाईल, वरच्या रानात ठेवतो कारण तिथं नेटवर्क टिकतं, आणि ब्लूटूथचा स्पीकर. तो नसला तर तांब्या आहेच. अर्धा तास शेतीचा कार्यक्रम ऐकतो. मग बंद. मग बोलतो.

पहिल्या गुरुवारी सात जण होते. दुसऱ्या गुरुवारी चार. एकदा मी आणि पुतण्या दोघंच, समोर कुत्रं. आता नऊ-दहा टिकलेत, त्यात तीन बायका आहेत आणि प्रश्न त्याच जास्त विचारतात. कांद्याची चाळ कुठल्या दिशेनं बांधावी यावर परवा एवढं भांडण झालं, की जेवायला उशीर. पण असं भांडण व्हायलाच पाहिजे.

शंका राहिली की तिथूनच फोन लावतो, स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू येईल असा. उत्तर देणाऱ्याला आम्ही पहिल्यांदा एकच विचारतो, "साहेब, हे एकरी का हेक्टरी?" एकदा पलीकडचा माणूस हसला. आम्ही हसलो नाही.

रात्री दारं धरायला जाणाऱ्या पोरांना मी दुसरंही सांगतो. आपल्याकडं बिबट्याचा वावर आहे. कानातली बोंडं काढा, रेडिओ मोठ्यानं लावा. वनखात्याचे लोकही हेच सांगतात, रात्री चालताना आवाज ठेवा. तुम्हाला बिबट्या ऐकू आला पाहिजे आणि बिबट्याला तुम्ही.

बैठकीची वही पुतण्या लिहितो. मी त्याला आण्णांची वही दाखवली होती, त्यानं तसेच तीन रकाने आखलेत: ऐकलं काय, शंका काय, ठरलं काय. पहिल्या पानावर, पहिल्या रकान्यात त्यानं स्वतःच्या हातानं तो तणनाशकाचा आकडा लिहिलाय आणि पुढं 'हेक्टरी' हा शब्द दोनदा अधोरेखित केलाय.

तुमच्या गावात १९५६ च्या किंवा त्यानंतरच्या काळात श्रोतामंडळ होतं का, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारून बघा. पेटीत वही असेल तर वाळवी लागायच्या आत बाहेर काढा. आणि दुसरा रकाना आधी वाचा.